स्किमर विकताना खोक्यावरचे लिटर सांगू नका

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला या दोन ठिकाणी शोभेच्या माशांचा मोठा व्यापार चालतो. काचेच्या टाक्या जोडणे, मासे आणणे-पोचविणे, दुकान चालविणे, या सर्व कामांत आपल्या बांधवांचाही हात आहे. गोड्या पाण्याच्या टाकीची माहिती आता बहुतेक गिऱ्हाइकांना असते. खाऱ्या पाण्याची टाकी मागणारे गिऱ्हाईक मात्र नवखे असते. चित्रपटात किंवा मोबाईलवर केशरी-पांढरा क्लाउनफिश पाहिलेला असतो, मुलांचा हट्ट असतो आणि खिशात ठरावीक रक्कम असते. अशा गिऱ्हाइकाला सर्वांत कमी समजणारी आणि दुकानदाराला वाटेल तसे बोलायला वाव देणारी वस्तू म्हणजे प्रोटीन स्किमर. या वस्तूच्या विक्रीत जी ढिलाई चालते तिच्यामुळे माणसाचे पैसे जातात, मुके जीव मरतात आणि शेवटी गिऱ्हाईकही कायमचे तुटते. म्हणून या विषयावर स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते.

प्रथम ही वस्तू काय करते ते पाहू. पावसाळ्यात किनाऱ्यावर लाटांबरोबर पिवळट फेस येऊन पडतो, तो कोकणातल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. समुद्राच्या पाण्यात कुजणाऱ्या शेवाळाचे, जीवांचे प्रथिनयुक्त अंश असतात. साबणाच्या कणाप्रमाणे या अंशांचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे पाण्यापासून पळते. हवेचा बुडबुडा मिळाला की ते त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि बुडबुड्याबरोबर वर येतात. स्किमर हेच काम एका नळकांड्यात करतो. खाली बारीक बुडबुडे सोडले जातात, घाण त्यांना चिकटून फेस होतो, फेस गळ्यातून चढून वरच्या कपात पडतो आणि तिथे चहाच्या रंगाचे दुर्गंधीयुक्त पाणी साचते. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य यांचा काही भाग कुजून अमोनिया होण्याआधीच टाकीबाहेर पडतो, हा याचा खरा फायदा. दुसरा फायदा दुकानदार सहसा सांगत नाहीत. एवढी हवा पाण्यात मिसळल्याने प्राणवायू वाढतो. उबदार खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. आपल्याकडच्या मे महिन्यात ही गोष्ट जीवन-मरणाची ठरते.

जो अमोनिया किंवा नायट्रेट पाण्यात तयार झालेला आहे, तो स्किमर काढीत नाही. ते काम जिवाणूंचे आणि पाणी बदलण्याचे. "स्किमर लावा, पाणी बदलायला नको" असे सांगून विकणारा माणूस खोटे बोलतो.

आणखी एक प्रकार तर सरळ फसवणुकीचा आहे. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, त्यामुळे घरगुती स्किमर तिथे फेसच धरीत नाही. तरीही गोल्डफिशच्या टाकीसाठी स्किमर गळ्यात मारलेली माणसे भेटतात.

आता मूळ मुद्दा. खोक्यावर छापलेले असते, "३०० लिटरपर्यंत", "५०० लिटरपर्यंत". गिऱ्हाईक विचारते, "माझ्या टाकीला कोणता?" आणि आपण टाकीची लांबी-रुंदी विचारून खोके पुढे सरकवतो. माझ्या मते ही पद्धतच चुकीची आहे. लिटरचा आकडा बनविणाऱ्याने आपल्या सोयीने छापलेला असतो. तो कोणत्या माशांसाठी, किती खाद्यावर, याचा उल्लेख नसतो. दीडशे लिटर पाण्यात दोन क्लाउनफिश असतील तर रोज चिमूटभर खाद्य पडते. त्याच पाण्यात एखादा लायनफिश ठेवला तर तो कोळंबीचे, मासळीचे तुकडे खातो आणि त्याच मानाने घाण करतो. पाणी तेवढेच, पण काम अनेक पटींनी वाढले. मग लिटर मोजून काय उपयोग?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढली, हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने जुमाच्या खुतब्यात ऐकलेला आहे. खोक्यावरचे लिटर म्हणजे ढिगाच्या वरचे कोरडे धान्य. दुकानदाराला आतली ओल ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. मालातला दोष लपवून विकला तर माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला राहतो, हा खियार-ए-ऐबचा नियम आपल्या फिकहमध्ये उगाच आलेला नाही. छापील आकडा आपण छापला नाही हे खरे, पण तो तोंडाने आपणच सांगतो.

तेव्हा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न टाकीच्या मापाचा करू नये. मासे कोणते आणि किती ठेवणार, खाद्य काय घालणार, पाणी किती दिवसांनी बदलणार, हे विचारावे. ढोबळ मानाने असे धरता येते की मासे थोडे व लहान असतील तर छापील आकडा चालून जातो. मासे मोठे, मांसाहारी किंवा संख्येने जास्त असतील तर छापील आकडा निम्मा समजावा. उलट बाजूनेही चूक होते. फार मोठा स्किमर थोड्या माशांच्या टाकीला लावला तर फेस धरण्याइतकी घाणच मिळत नाही, कप कोरडा राहतो आणि गिऱ्हाईक "माल खराब निघाला" म्हणून परत येते.

महाग स्किमर जास्त साफ करतो, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ व २०१० मध्ये निरनिराळ्या बनावटींच्या स्किमरची मोजणी प्रसिद्ध केली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी स्किमरने साधारण २० ते ३० टक्केच बाहेर काढला, बाकीचा पाण्यातच राहिला. आणि एका बनावटीत व दुसऱ्या बनावटीत फार मोठा फरक दिसला नाही. एका प्रयोगावरून सर्व काही ठरत नाही हे मान्य. पण दुप्पट-तिप्पट पैसे मोजले म्हणजे पाणी दुप्पट-तिप्पट स्वच्छ होईल, असे सांगण्याला आधार नाही एवढे तर यावरून दिसते.

आपल्या देशात तर महाग स्किमरचे एक मोठे कारण मुळातच गळून पडते. परदेशात भारी स्किमर घेतात तो मुख्यतः जिवंत प्रवाळ वाढविण्यासाठी. नाजूक प्रवाळाला अत्यंत स्वच्छ पाणी लागते. आपल्याकडे २००१ साली रीफ बांधणारी प्रवाळे, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन-पाइप कोरल आणि सी-फॅन यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. समुद्रघोडेही त्याच वेळी संरक्षणाखाली आले. "जिवंत दगड" या गोड नावाने प्रवाळाचा तुकडा विकणारा दुकानदार स्वतःला आणि गिऱ्हाइकाला तुरुंगाच्या दाराशी नेऊन उभा करतो. चार पैशांच्या नफ्यासाठी हे धाडस करू नये. जिवाणूंना घर म्हणून भाजलेल्या मातीचे, सिरॅमिकचे तुकडे मिळतात; ते विकावेत. आपल्या कायदेशीर गिऱ्हाइकाची टाकी म्हणजे केवळ माशांची टाकी, आणि तिला मध्यम, दणकट, साफ करायला सोपा स्किमर पुरतो. क्लाउनफिशची पैदास आता आपल्याच राज्यात होते, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात त्याची हॅचरी आहे. टाकीत जन्मलेला मासा रीफवरून पकडून आणलेल्या माशापेक्षा टाकीत सहज रुळतो आणि कोरडे खाद्यही घेतो. तेवढा स्किमरवरचा भार कमी, हा हिशेबही गिऱ्हाइकाला सांगावा.

मग स्वस्त स्किमर कोणता? याचे उत्तर मासे किती आणि घरची वीज-पाण्याची स्थिती काय यावर आहे.

अगदी लहान टाकी, म्हणजे साठ-सत्तर लिटरची, आणि एखाद-दुसरा लहान मासा असेल तर सर्वांत स्वस्त स्किमर म्हणजे स्किमर न घेणे. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की काम भागते. दुकानदाराला हे सांगणे जिवावर येते, पण हा सल्ला ज्याने दिला त्याच्याकडे गिऱ्हाईक मीठ न्यायला दर महिन्याला येते. हिशेब करा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे १९१ लिटर पाणी मावते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता दीडशेच्या आसपास राहते. दर आठवड्याला पंधरा लिटर बदलायचे, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे आठवड्याला सव्वापाचशे ग्रॅम आणि वर्षाला सत्तावीस किलोच्या वर. एकदा स्किमर विकण्यापेक्षा हे गिऱ्हाईक टिकविणे दुकानाला जास्त बरकतीचे आहे.

त्याहून मोठ्या टाकीला हवेवर चालणारा उभा स्किमर हा गरिबाचा स्किमर. जर्मनीत या यंत्राची सुरुवात याच प्रकारापासून झाली. एक उंच नळकांडे, खाली लाकडी एअरस्टोन आणि बाहेर साधा एअर पंप, एवढाच सरंजाम. पाणी वरून खाली येते, बुडबुडे खालून वर जातात, त्यामुळे दोघांची गाठ बराच वेळ पडते. नळकांडे जितके उंच तितके चांगले, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे. आठ वॅटचा एअर पंप चोवीस तास चालला तर महिन्याला पावणेसहा युनिट वीज जाते. पंचवीस वॅटच्या पाण्याच्या पंपाला अठरा युनिट लागतात. वर्षाचा फरक सुमारे १४७ युनिटचा. ज्याचे घर वीजबिल पाहून चालते त्याला हा फरक दुकानातच सांगायला हवा. एअर पंपाचा आणखी एक गुण म्हणजे तो बॅटरीवर चालविता येतो. वीज गेली तरी माशांना हवा मिळत राहते. दोष असा की लाकडी दगड काही आठवड्यांत तुंबतो, बुडबुडे मोठे होतात आणि फेस बसतो. दगड बदलत राहावा लागतो. जे गिऱ्हाईक कटकट नको म्हणते त्याला हा प्रकार देऊ नये.

दुसरा प्रकार पंपाच्या काटेरी चाकाचा, ज्याला नीडल व्हील म्हणतात. पंप हवा ओढतो आणि चाकाचे काटे तिचे बारीक तुकडे करतात. टाकीखाली सम्प असेल तर हा उत्तम. सम्पातील पाण्याची पातळी मात्र स्थिर हवी. पातळी चढ-उतार झाली की फेस एक दिवस कपाबाहेर वाहतो आणि दुसऱ्या दिवशी गळ्याखाली बसतो. ज्यांच्याकडे सम्प नाही त्यांच्यासाठी टाकीच्या काठाला लटकणारा प्रकार आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याला तोच सोयीचा, पण तो ओसंडला तर पाणी थेट फरशीवर आणि खालच्या शेजाऱ्याच्या छतावर. कपाच्या तळाला नळी जोडून ती बाटलीत सोडली की हा धोका कमी होतो. बाटली भरली की नाही ते मात्र पाहावे लागते.

काटेरी चाकाच्या प्रकारात शरीर वर्षानुवर्षे टिकते, मरतो तो पंप. म्हणून स्वस्त कोण याची खरी कसोटी एकच : या पंपाचे इम्पेलर आणि त्याची सिरॅमिकची दांडी सुटी मिळते काय? मिळत असेल तर स्किमर दोनशे-चारशे रुपये जास्त देऊनही स्वस्त पडतो. मिळत नसेल तर तो फुकटातही महाग, कारण वर्षा-दोन वर्षांत सबंध वस्तू कचऱ्यात जाते. मोटारीचे वेटोळे राळेत बंद असते, त्यामुळे आपला वाइंडिंगवाला तिथे काही करू शकत नाही. जो दुकानदार सुटे इम्पेलर दुकानात ठेवतो त्यानेच तो स्किमर विकावा, असे माझे मत आहे.

रत्नागिरी-रायगडच्या घरांत आखातातून येणाऱ्या सामानात हल्ली असल्या वस्तूही येतात. त्याबद्दल एक सावधगिरी. दुबई, कुवेत, ओमान, कतार येथील वीज आपल्यासारखीच पन्नास हर्ट्झची आहे, तिथला पंप इथे नीट चालतो. सौदी अरेबियाची वीज साठ हर्ट्झची आहे. तिथल्या विजेसाठी बनविलेला साधा पंप इथे सहाऐवजी पाच हिश्श्यांच्या वेगाने फिरतो, हवा कमी ओढतो आणि फेस अशक्त राहतो. पंपावरची पट्टी वाचून घ्यावी. ॲडॉप्टरवर चालणाऱ्या डीसी पंपाला ही अडचण नाही.

विकण्यापूर्वी स्किमर चालवून दाखविण्याची रीत आपल्या दुकानांत फारशी नाही. ती पडली पाहिजे. एका बादलीत मिठाचे पाणी तयार ठेवावे. साध्या पाण्यात दाखवू नये, त्यात बुडबुडे जाडच दिसणार. खाऱ्या पाण्यात बुडबुडे दुधासारखे पांढरे, धुक्यासारखे दिसले पाहिजेत. पंप किणकिणत नाही ना, कप अख्खा स्किमर न काढता उचलता येतो ना, गळ्यातून बोटे व ब्रश आत जातात ना, हे गिऱ्हाइकाच्या हातूनच करवून घ्यावे. कप काढायला त्रासाचा असेल तर माणूस तो साफ करणार नाही. गळ्यावर बुळबुळीत थर चढला की फेस तिथेच मोडतो, त्यामुळे आठवड्याला एकदा गळा पुसणे हे ठरूनच गेले.

नवा स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा फेसाळतो किंवा अजिबात फेस धरीत नाही. बनविताना लागलेला तेलकटपणा निघून जायला एक-दोन आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही तर तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक भांडायला येते. औषध घातल्यावर किंवा क्लोरीन मारणारे द्रव्य टाकल्यावरही फेस उसळतो. चरबीयुक्त खाद्य घातल्यावर तो काही तास बसतो, मग आपोआप उठतो. आणि महिना-दोन महिन्यांनी "स्किमर मेला" म्हणून जे गिऱ्हाईक येते, त्याच्याकडे बहुतेक वेळा हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचलेले असते. कोमट गोड्या पाण्याचा एक घोट नळीतून ओढू दिला की स्किमर जिवंत होतो. इम्पेलरवर चढलेला पांढरा थर व्हिनेगरमध्ये बुडवून निघतो. या दुरुस्तीचे पैसे घेऊ नयेत.

आता कारागिरांविषयी. दुकानांच्या पाट्या, ट्रॉफी, शोकेस बनविणारे ॲक्रिलिकचे कारागीर आपल्या समाजात पुष्कळ आहेत. सम्प, पाणी पडण्याच्या पेट्या यांची कामे त्यांच्याकडे येऊ लागली आहेत. स्किमरचे शरीर हे त्यांच्या आवाक्यातले काम आहे. हवेवर चालणाऱ्या उभ्या स्किमरला तर आयात पंपाचीही गरज नाही. नळकांडे हाच त्यातला खर्चिक भाग. पाणी जाण्या-येण्याच्या फांद्यांना बाजारातल्या पीव्हीसी पाइपचे जोड चालतात. आतल्या बाजूला कोणताही धातू नको. पितळ, तांबे पाण्यात उतरले तर कोळंबी, गोगलगायी पहिल्यांदा मरतात, आणि लोखंडी स्क्रू खाऱ्या पाण्यात गंजतो. स्क्रू नायलॉनचे घ्यावेत, कप आणि गळ्याच्या सांध्यात ओ-रिंग बसवावी. कडा ज्योतीने चमकविल्यावर लगेच त्याच कडेला क्लोरोफॉर्म लावला की ॲक्रिलिकला केसासारख्या भेगा पडतात. पाटीत त्या खपतात, पाण्याच्या दाबाखाली खपत नाहीत. चिकटवण्याची कड घासून गुळगुळीत करावी, ज्योत बाहेरच्या उघड्या कडांपुरती ठेवावी. काम मोकळ्या हवेत, खिडकीशी करावे. क्लोरोफॉर्मच्या वाफेत दिवसभर बसणाऱ्या मुलाच्या यकृताची किंमत कोणत्याही ऑर्डरमधून निघत नाही.

तयार नग पाण्याने भरून चोवीस तास ठेवावा, सांधा पाझरतो काय ते पाहावे, मग दोन-तीन वेळा पाणी बदलून वास जाईपर्यंत भिजत घालावा. पहिला नग विकू नये. ओळखीच्या दुकानदाराच्या टाकीवर तो महिनाभर चालू द्यावा, फेस कुठे अडतो, गळा किती रुंद हवा, कप किती दिवसांत भरतो, हे लिहून ठेवावे आणि दुसरा नग त्याप्रमाणे करावा. आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला खोके दाखविण्याऐवजी त्या चालू स्किमरचा कप उघडून, आत आठवड्यात काय साचले ते दाखवावे.